थिओडोर कुक : झाडांचे पत्ते लिहिणारा इंजिनिअर

दरवर्षी १५ सप्टेंबरला आपण इंजिनिअर्स डे साजरा करतो. सर विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घालतो, पोस्टर प्रेझेंटेशन होतं, दोन भाषणं होतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सबमिशन सुरू! विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेजात शिकले आणि १८८३ साली परीक्षेत पहिले आले, हे त्या भाषणांत हमखास येतं. पण तेव्हा त्या कॉलेजचे प्रिन्सिपॉल कोण होते, असं कुणी व्हायवात विचारलं तर आपल्यापैकी किती जण उत्तर देतील?

त्यांचं नाव डॉ. थिओडोर कुक. गंमत म्हणजे हे नाव सिव्हिलच्या पुस्तकांत फारसं सापडत नाही. ते सापडतं बॉटनीत! महाराष्ट्रात वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या कुणालाही विचारा, कुक म्हटलं की दोन जाडजूड खंड डोळ्यांसमोर येतात. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची ही वर्णनग्रंथमाला १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाली आणि आजही ती टेबलावर असते. ज्या माणसाने आयुष्याची पहिली कमाई रेल्वेचा पूल बांधून केली, त्याचं नाव झाडांच्या शास्त्रात अमर का झालं, हे समजून घेण्यासारखं आहे. कारण आज सह्याद्रीतली नष्ट होत चाललेली रोपं पुन्हा त्यांच्या डोंगरावर नेऊन लावण्याचं जे काम चालतं, त्याची सुरुवात कुक यांच्यासारख्यांच्या पुस्तकातल्या एका ओळीपासून होते.

थिओडोर कुक यांचा जन्म ६ जानेवारी १८३६ रोजी आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ट्रॅमोर या गावी झाला. शिक्षण डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात. गणित आणि इंजिनिअरिंग या दोन्हींत ते पुढे होते, पदकं मिळवत होते. त्या काळी रेल्वे म्हणजे आजच्या आयटीसारखी होती. जो हुशार तो रेल्वेत, आणि ज्याच्यात थोडं साहस तो हिंदुस्थानातल्या रेल्वेत. १८६० साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, कुक बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत इंजिनिअर म्हणून रुजू झाले. म्हणजे आपल्यापेक्षा फक्त तीन-चार वर्षांनी मोठे!

ही रेल्वे गुजरातकडून मुंबईकडे येत होती आणि मधे वसईची खाडी आडवी होती. पश्चिम रेल्वेने नायगावहून भाईंदरला जाताना खिडकीतून जी खाडी दिसते, तीच. मधे पाणजू बेट. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा, खाली गाळ, पावसाळ्यात काम बंद. या खाडीवरचा मोठा लोखंडी पूल बांधण्याचं काम कुक यांच्या हातून झालं. १८६४ च्या अखेरीस गाडी ग्रँट रोडपर्यंत पोहोचली. आज तिथे उभे असलेले पूल नंतरच्या काळातले आहेत. पण या खाडीवरून बेट आणि जमीन जोडण्याचं पहिलं काम ज्यांनी केलं त्यांत हा तरुण आयरिश इंजिनिअर होता.

१८६५ साली सरकारने त्यांना पुण्याला बोलावलं. पुण्यात १८५४ पासून सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी माणसं तयार करणारा एक इंजिनिअरिंग क्लास चालू होता. त्याचं आता पूर्ण कॉलेज होणार होतं. त्याच वर्षी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी कॉलेजच्या मुख्य इमारतीची पायाभरणी केली आणि कुक प्रिन्सिपॉल झाले. वय अवघं एकोणतीस. पुढच्या वर्षी कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलं गेलं. हेच आजचं सीओईपी. (फ्रियर हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे एका वेगळ्याच ठिकाणी भेटणार आहे.)

कुक या कॉलेजात १८९३ पर्यंत राहिले. अठ्ठावीस वर्षं! या काळात कॉलेजचं रूप बदलत गेलं. नुसतं सिव्हिल इंजिनिअरिंग न राहता ते कॉलेज ऑफ सायन्स झालं. शेतीचे वर्ग सुरू झाले, वनखात्यात जाणाऱ्यांना शिकवलं जाऊ लागलं. आता वनखात्याच्या मुलाला झाडं ओळखता आली पाहिजेत, शेतीच्या मुलाला पिकं आणि तण ओळखता आली पाहिजेत. म्हणून कॉलेजात बॉटनी आली, आणि बॉटनी आली म्हणून हर्बेरियम आलं.

हर्बेरियम म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, कारण आपल्या ब्रँचमध्ये हा शब्द कुणी उच्चारत नाही. झाडाची फांदी फुलाफळासकट तोडायची, कागदांत दाबून वाळवायची, ती एका जाड शीटवर चिकटवायची आणि कोपऱ्यात लेबल लावायचं. लेबलवर नाव, ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव. आपल्या ड्रॉइंग शीटचा टायटल ब्लॉकच समजा! टायटल ब्लॉक नसलेली शीट सर जशी परत करतात, तसंच लेबल नसलेला नमुना शास्त्राच्या दृष्टीने नुसता वाळलेला पाला. कुक हे मुळात मोजमाप करणारे इंजिनिअर. ही शिस्त त्यांच्या अंगातच होती. सर्व्हेला निघालेला माणूस लेव्हल घेताना बेंचमार्क लिहून ठेवतो, तसं हे झाडांचं लेव्हलिंग.

हे काम एकट्याचं नव्हतं. कॉलेजात बॉटनी शिकवणारे जॉर्ज मार्शल वुड्रो होते, त्यांच्याकडे गणेशखिंडीतली बागही होती. रानडे होते, जे घाटाघाटांतून नमुने गोळा करायचे. माथेरान आणि महाबळेश्वरच्या वनस्पतींची यादी करणारे न्यायाधीश बर्डवूड होते. आणि कुक यांचं पुस्तक उघडलं की दोन नावं परत परत दिसतात, कानिटकर आणि भिवा. कानिटकरांचं निदान आडनाव तरी आहे. भिवा म्हणजे फक्त भिवा. साहेबांच्या पदव्यांनी पुस्तकाचं पहिलं पान भरलेलं आणि आत पावसात, चिखलात, कड्यावर चढून झाड आणणारा माणूस चार अक्षरांत मावलेला नाही, दोनच अक्षरांत! तो काळ इंग्रजांच्या राज्याचा होता. झाडांची मोजणी सुद्धा लाकूड, औषध आणि महसूल डोळ्यांसमोर ठेवून होत होती. हे विसरून कुक यांची नुसती आरती ओवाळण्यात अर्थ नाही. पण एक गोष्ट मान्य करावी लागते, की त्यांनी भिवाचं नाव गाळलं नाही. ज्याने झाड आणलं त्याचं नाव झाडाच्या पुढे छापलं. आणि नावापुढे एक उद्गारचिन्ह दिलं. बॉटनीत त्या चिन्हाचा अर्थ असा, की हा नमुना लेखकाने स्वतः डोळ्यांनी पाहिला आहे.

१८९० साली भारतीय वनस्पती सर्वेक्षण, म्हणजे बीएसआय, ही संस्था सुरू झाली. देशाचे विभाग पाडले गेले आणि पश्चिम विभागाचं काम पुण्याकडे आलं. त्याची जबाबदारी कुक यांच्यावर होती. १८९३ मध्ये ते निवृत्त होऊन इंग्लंडला गेले. तिथे लंडनच्या इम्पीरियल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी सुमारे तीन वर्षं काम केलं. त्यानंतर कुणीही आरामखुर्चीत बसलं असतं. कुक मात्र क्यू इथल्या जगप्रसिद्ध वनस्पती उद्यानाच्या हर्बेरियममध्ये जाऊन बसले आणि साठीनंतर त्यांनी आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम हाती घेतलं.

गरज काय होती? मुंबईच्या वनस्पतींवर आधी पुस्तकं नव्हती असं नाही. १८३९ साली जॉन ग्रॅहम यांनी मुंबई व आसपासच्या वनस्पतींची यादी छापली होती. हे ग्रॅहम पोस्ट खात्यातले अधिकारी होते! पत्ते सांभाळणाऱ्या माणसाने झाडांचे पत्ते लिहायला सुरुवात करावी, हा योग छानच म्हणायचा. १८६१ साली वनखात्यातल्या डॅल्झेल आणि गिब्सन यांचं पुस्तक आलं. पुढे १८७२ ते १८९७ या काळात हुकर यांनी सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानची सात खंडांची वनस्पतिमाला पूर्ण केली. पण एवढ्या मोठ्या नकाशावर आपला घाट, आपली खाडी, आपला कडा दिसत नाही. सिंधपासून कारवारपर्यंत पसरलेल्या मुंबई इलाख्याचा स्वतंत्र, बारीक नकाशा हवा होता. तो कुक यांनी केला. पहिला भाग १९०१ मध्ये निघाला तेव्हा त्यांचं वय पासष्ट होतं. शेवटचा भाग १९०८ मध्ये, बहात्तराव्या वर्षी. पुण्याहून पाचेक हजार मैलांवर बसून, वाळलेल्या फांद्या पाहत, ज्या डोंगरांवर आपण परत कधी चढणार नाही त्यांची नावं त्यांनी ओळीने लिहिली.

या पुस्तकातली नोंद कशी असते ते बघा. आधी झाडाचं शास्त्रीय नाव. मग पान, फूल, फळ यांचं मापासकट वर्णन. मग भाग, म्हणजे कोकण, दख्खन, गुजरात, सिंध वगैरे. भागानंतर नेमकं ठिकाण आणि गोळा करणाऱ्याचं नाव. शिवाय फुलण्याचे महिने आणि अनेकदा स्थानिक मराठी नाव. झालं. एवढंच. यात अलंकार नाहीत, सृष्टिसौंदर्य नाही. वाचायला बसलं तर झोप येईल हे कबूल! पण शंभर वर्षांनी एखादं झाड शोधायचं असेल तर आपल्याला नेमकं काय लागतं? ते कसं दिसतं, कुठे होतं आणि कोणत्या महिन्यात गेलं तर फुललेलं दिसेल. तिन्ही उत्तरं त्या चार ओळींत आहेत.

आता थोडं कुक यांच्यापासून दूर, पण क्यू उद्यानातच थांबू. हिंदी महासागरात मॉरिशसच्या पूर्वेला रॉड्रिग्ज नावाचं छोटं बेट आहे. तिथे कॉफीच्या कुळातलं एक झुडूप होतं, ते नामशेष झालं असं सगळे समजत होते. १९८० साली वर्गात दाखवलेल्या जुन्या चित्रावरून एका शाळकरी मुलाने ते ओळखलं. सगळ्या जगात एकच झुडूप उरलं होतं! १९८६ साली त्याच्या फांद्या विमानाने क्यूला नेल्या. फांदी जगली, फुलंही आली, पण बी धरेना. अनेक वर्षं प्रयत्न केल्यावर बी मिळालं आणि त्यातून वाढलेली रोपं परत रॉड्रिग्जला पाठवली गेली. हवाई बेटांवर तर वनस्पतिशास्त्रज्ञ दोरीने कड्यावर लोंबकळून ब्रशने फुलांचं परागीभवन करत होते, कारण ते करणारा कीटकच उरला नव्हता. बेटावरच्या झाडांचं दुखणं हे असं असतं. जागा छोटी, बाहेर सगळीकडे समुद्र. एक कळप शेळ्यांचा आला, एक रस्ता झाला, की पळून जायला जागाच नाही.

तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? आपल्याकडे कुठे अशी बेटं? आहेत ना! पनवेलच्या पूर्वेला बघा. प्रबळगडाचा माथा, त्यामागे माथेरान, दक्षिणेला कर्नाळ्याचा सुळका. पावसाळ्यात खाली ढग भरले की हे माथे खरोखर बेटांसारखे वर तरंगतात. आणि झाडांच्या दृष्टीने ती बेटंच आहेत. कड्याच्या कपारीत जगणाऱ्या रोपाला खालचं भातखाचर म्हणजे समुद्रच. ते तिथे तगू शकत नाही. त्याचं बी पुढच्या डोंगरावर पोहोचेलच याची खात्री नाही. म्हणून सह्याद्रीत काही वनस्पती अशा आहेत, की त्या मोजक्या गडांवर आणि सड्यांवर आहेत आणि सगळ्या जगात दुसरीकडे कुठेही नाहीत.

यातली सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे फ्रेरिया. मराठीत तिला शिंदळ माकुडी म्हणतात. मांसल खोडाची ही छोटी वनस्पती उभ्या कड्याच्या भेगेत राहते. पावसाळ्यात तिला पानं येतात, कोरड्या दिवसांत ती गळून जातात. फूल चांदणीसारखं, गडद लालसर, त्यावर पिवळे ठिपके. जुन्नर परिसरातून तिची ओळख शास्त्राला करून दिली ती डॅल्झेल यांनी, १८६० च्या दशकात. आणि नाव दिलं गव्हर्नर फ्रियर यांचं! म्हणजे ज्यांनी कुक यांच्या कॉलेजची पायाभरणी केली, तेच फ्रियर. इमारत पुण्यात, नाव कड्यावर. शिवनेरी, पुरंदरजवळचा वज्रगड अशा थोड्याच जागी ती सापडते. जगातल्या अतिधोक्यातल्या बारा वनस्पतींच्या यादीत एकेकाळी तिची गणना झाली होती. (आता शास्त्रज्ञ तिला दुसऱ्या वंशात घालतात, पण फ्रेरिया हेच नाव तोंडात बसलं आहे.)

गंमत, किंवा दुःख म्हणा, असं की फ्रेरियाची फांदी कुंडीत सहज मूळ धरते. त्यामुळे ती परदेशात हौशी लोकांच्या काचघरात दिसते आणि तिच्या स्वतःच्या कड्यावर मात्र शोधावी लागते. शिरवळजवळ शिंदेवाडी इथल्या नवरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्राने तिचा अभ्यास केला, रोपं वाढवली. कुंडीतली फ्रेरिया म्हणजे जिवंत राहिलेली फ्रेरिया, हे खरं. पण तिला कड्यावर नेऊन लावली, तिथे तिच्यावर माशी आली, शेंग धरली, बी वाऱ्यावर गेलं आणि पुढच्या भेगेत रुजलं, तरच ती वाचली असं म्हणता येईल.

दुसरी सोनघंटा. कापसाच्या कुळातलं हे झुडूप. उभ्या उतारावर वाढतं आणि पिवळी-केशरी घंटेसारखी फुलं लोंबतात. वुड्रो आणि श्टाफ यांनी १८९४ साली तिला शास्त्रीय नाव दिलं आणि त्या नावात रानडे यांचं नाव गुंफलं. वुड्रो आणि रानडे ही कुक यांच्याच कॉलेजची मंडळी. आंबा घाटातून तिची पहिली ओळख झाली. पुढे कितीतरी दशकं ती कुणाला दिसलीच नाही. नामशेष झाली असंच वाटत होतं. पण जुन्या नोंदी होत्या, घाटाचं नाव होतं. विसाव्या शतकाच्या शेवटी लोक परत गेले आणि ती सापडली! नंतर आणखी काही गड-घाटांतही मिळाली. त्यानंतरच तिची रोपं तयार करण्याचे प्रयोग होऊ शकले. पत्ता हरवला असता तर रोप कशाचं करणार होतो?

तिसरा गट कंदीलपुष्पांचा, ज्यांना खरपुडीही म्हणतात. यांचं फूल म्हणजे मेकॅनिकलवाल्यांनी पाहण्यासारखं डिझाइन आहे. लांब नळी, वर कंदिलासारखी जाळी, आत खाली वळलेले केस. छोटी माशी आत शिरते, पण केस उलटे असल्यामुळे बाहेर येता येत नाही. चक्क वन-वे व्हॉल्व्ह! काही काळाने केस सुकतात, माशी सुटते आणि जाताना परागांची पुडी घेऊन जाते. या वेलींचे कंद खाण्यासारखे असतात, म्हणून माणसं आणि रानडुकरं दोघंही ते खणतात. शिवाय सड्यांवर खाणी, रस्ते, वणवे आहेतच. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने या कंदीलपुष्पांवर मोठं काम केलं आहे. बी किंवा उतीपासून प्रयोगशाळेत रोपं वाढवायची, ती बाहेरच्या हवेची सवय लागेपर्यंत सांभाळायची आणि मग जंगलात नेऊन लावायची. १९२१ साली नाव मिळालेल्या सेरोपेजिया फॅन्टॅस्टिका या अतिदुर्मीळ जातीवरचं त्यांचं हे काम २०१० साली करंट सायन्स या नियतकालिकात प्रसिद्ध झालं.

रोप नेऊन लावलं की काम संपलं, असं मात्र नाही. वनमहोत्सवात खड्डा, रोप, फोटो, चहा असा जो क्रम असतो, तो इथे चालत नाही. आधी ठरवावं लागतं की हे झाड याच डोंगराचं आहे का. एका गडाचं रोप दुसऱ्या गडावर नेलं तर तिथल्या मूळ वाणाशी त्याची सरमिसळ होते. तिथून ते का गेलं हे शोधावं लागतं, कारण शेळ्या अजून चरत असतील तर नवीन रोपही त्यांच्याच पोटात जाणार. लावायची वेळ म्हणजे पावसाची सुरुवात. परागीभवन करणारा कीटक तिथे हवा. कुंडीतल्या मातीबरोबर रोग जाता कामा नये. आणि नंतर वर्षानुवर्षं जाऊन मोजायचं, किती जगली, किती फुलली, किती नवी उगवली. यातला पहिलाच प्रश्न, हे झाड इथलंच का, याचं उत्तर ज्यांना द्यायचं असतं ते कुक यांचा खंड उघडतात.

आणि इथेच कुक यांच्या पुस्तकाची एक कमजोर बाजूही दिसते. काही झाडांपुढे फक्त कोकण असं लिहिलं आहे आणि पुढे स्टॉक्स किंवा लॉ हे नाव. हे कुक यांच्या आधीच्या पिढीतले संग्राहक. त्यांच्या लेबलवरच तेवढं लिहिलेलं होतं, कुक तरी काय करणार? पण कोकण म्हणजे नक्की कुठे? पनवेलही कोकण आणि सावंतवाडीही कोकण! लॉ यांच्या नावाचं एक कंदीलपुष्प आहे. त्याच्या जुन्या नमुन्यावर असंच मोघम कोकण होतं. पुढे ते सापडलं हरिश्चंद्रगडावर. म्हणजे सापडणाऱ्याला सगळा सह्याद्री हुडकावा लागणार. नेमकं गाव लिहिलेलं झाड आणि नुसतं कोकण लिहिलेलं झाड, यांच्या नशिबात एवढा फरक पडतो. लेबल लिहिताना वाचवलेली दोन मिनिटं पुढच्या माणसाला शंभर वर्षांनी महागात पडतात.

थिओडोर कुक यांचं निधन ५ नोव्हेंबर १९१० रोजी क्यू इथे झालं. शेवटचा भाग छापून दोनच वर्षं झाली होती. पुढे देश स्वतंत्र झाला, १९५५ साली बीएसआयचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात नव्याने उभं राहिलं आणि १९५८ साली याच संस्थेने कुक यांचं पुस्तक तीन खंडांत पुन्हा छापलं. राज्य गेलं, साहेब गेले, इलाखा गेला, पुस्तक राहिलं. १९९६ ते २००१ या काळात बीएसआयने महाराष्ट्राची स्वतंत्र वनस्पतिमाला काढली. तिच्याही मुळाशी कुक आहेत. शास्त्रीय नावांपुढे आजही टी. कुक अशी सही दिसते, ती त्यांनी नाव दिलेल्या झाडांना.

आता आपल्याकडे वळू. पनवेलच्या पश्चिमेला विमानतळासाठी उलव्याचा डोंगर सपाट झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटनही झालं. आपल्यातले काही जण तिथे नोकरीला लागतील, त्याचा आनंदच आहे. इंजिनिअर डोंगर कापतो, रस्ता काढतो, पूल बांधतो, हे आपलं काम आहे आणि ते लाजण्यासारखं नाही. कुक यांनीही खाडीवर पूल बांधलाच की! पण कापण्याआधी त्या डोंगरावर काय काय उगवत होतं हे लिहून ठेवणं, हेसुद्धा सर्व्हेचंच काम आहे. डोंगराची उंची नकाशावर राहते, कारण सर्व्हेअरने ती लिहिली. झाडाची जागा तेव्हाच राहील जेव्हा कुणीतरी ती लिहील. प्रोजेक्टच्या पर्यावरण अहवालात वनस्पतींची यादी असते. ती उघडून वाचणारे आपल्यापैकी किती?

आपण पावसाळ्यात कर्नाळ्याला, प्रबळगडाला, कलावंतीणीला जातोच. फोटो तर शेकड्याने काढतो. त्यात एक सवय लावून घेता येईल. वेगळं फूल दिसलं तर तोडू नका, उपटून होस्टेलच्या कुंडीत तर मुळीच लावू नका. जवळून एक, पानांसकट एक आणि जागेचा एक असे तीन फोटो काढा. तारीख, डोंगर, कोणती बाजू आणि अंदाजे उंची लिहा. झाड दुर्मीळ आहे असं कळलं तर नेमकी जागा सगळ्यांना पाठवत सुटू नका, कारण विकणारेही तेच वाचतात. जवळच्या कॉलेजच्या बॉटनीच्या सरांना किंवा बीएसआयच्या पुणे केंद्राला कळवा. आणि ज्या गावच्या काकांनी वाट दाखवली, झाडाचं गावठी नाव सांगितलं, त्यांचं नावही त्यांना विचारून लिहा. भिवाच्या बाबतीत जे अर्धंच झालं ते आपण पूर्ण करू शकतो.

बॉटनी आपल्या सिलॅबसमध्ये नाही. कुक यांच्याही नव्हती! गणिताचा विद्यार्थी, रेल्वेचा इंजिनिअर, कॉलेजचा प्रिन्सिपॉल, आणि साठीनंतर झाडांचा लेखक. त्यांचा वसईचा पूल आज नाही. झाडांपुढे लिहिलेल्या गावांच्या आणि घाटांच्या ओळी मात्र आहेत आणि त्या ओळींवरून एखादं रोप पुन्हा आपल्या कड्यावर परत जातं. पुढच्या इंजिनिअर्स डेला विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घालताना त्यांच्या प्रिन्सिपॉलचंही नाव घ्या. आणि त्याच्या आधीचा एखादा रविवार, हातात वही घेऊन, डोंगरावर घालवा.